महाराष्ट्रातील वाइन उद्योगाचा इतिहास : वायनरीतील संस्थापक-कथा आणि द्राक्ष बागायतदार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी-औद्योगिक इतिहासात साखर, कापूस आणि दूध या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. द्राक्षापासून वाइन तयार करण्याच्या उद्योगाकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. त्याची कारणे उघड आहेत. एक तर हा उद्योग वयाने लहान आहे. दुसरे असे की त्याचा विषय निघाला की चर्चा लगेच मद्यपानाच्या नैतिकतेकडे वळते आणि उत्पादनाचा इतिहास बाजूला राहतो. परिणामी हा इतिहास सांगण्याचे काम वायनऱ्यांनी स्वतःच अंगावर घेतले आहे. नाशिक परिसरातील एखाद्या वायनरीला भेट दिली असता साधारण तासाभराची फेरी घडवली जाते. प्रथम वेलींच्या ओळी, मग पोलादी टाक्या, मग ओकच्या लाकडाची पिंपे आणि शेवटी टेस्टिंग रूम, असा तिचा क्रम असतो. या फेरीत यंत्रांच्या जोडीने एक गोष्टही सांगितली जाते : ही वायनरी कोणी, कोणत्या ध्येयाने आणि कोणत्या अडचणींतून उभी केली.

प्रस्तुत लेखात या संस्थापक-कथांचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे. या कथा खोट्या नाहीत. त्यांतील बहुतेक तपशील अन्य साधनांनी पडताळता येतात. तथापि त्या ज्या ठिकाणी सुरू होतात आणि ज्या ठिकाणी थांबतात त्यामुळे कराराने द्राक्षे पिकवणारा बागायतदार त्यांच्या बाहेर राहतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नारायणगावचा आरंभ

पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. भाजीपाल्यासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाला वाइनच्या नकाशावर आणले ते श्यामराव चौगुले यांनी. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी फ्रान्समधील पायपर-हाइडसीक या शॅम्पेन उत्पादकांचे तांत्रिक साहाय्य मिळवले आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात फसफसती वाइन तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला. 'ओमर खय्याम' या नावाने ही वाइन परदेशी बाजारात गेली. युरोपातील ग्राहकाला भारतीय वाइन देताना एका फारसी कवीचे नाव निवडावे, ही गोष्ट मोठी मनोरंजक आहे. जुन्नरचे वा शिवनेरीचे नाव तिथे कुणाला काय सांगणार, हा व्यापारी हिशेब त्यामागे असावा.

त्या काळाचा संदर्भ येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा महाराष्ट्रातील मद्यविषयक व्यवहाराचा कायदेशीर पाया आहे आणि त्याची रचना मूलतः प्रतिबंधाची आहे. या चौकटीत द्राक्षाची वाइन आणि उसाच्या मळीपासून काढलेले मद्य यांत उत्पादकाच्या दृष्टीने विशेष भेद नव्हता. दोघांनाही उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यांचे तेच उंबरठे ओलांडावे लागत. अशा वातावरणात परदेशी तंत्रज्ञ आणून निर्यातीचा घाट घालणे हे मोठे धाडस होते. शेजारच्या कर्नाटकात कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी असाच उपक्रम सुरू केला. त्यांनाही जॉर्ज वेसेल या फ्रेंच तज्ज्ञाचे मार्गदर्शन होते. दोन्ही आरंभ उद्योजकांचे होते, आणि दोन्हींत ज्ञान फ्रान्समधून आले.

गंगापूरची कथा

आज सर्वाधिक सांगितली जाणारी संस्थापक-कथा नाशिकजवळील सुला वायनरीची आहे. राजीव सामंत यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, कॅलिफोर्नियात ओरॅकल कंपनीत नोकरी केली आणि १९९० च्या दशकात ते भारतात परतले. गंगापूर धरणालगत त्यांच्या कुटुंबाची सुमारे ३० एकर जमीन होती. तेथे त्यांनी आंब्याचा आणि खाण्याच्या द्राक्षांचा प्रयोग करून पाहिला. पुढे केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञाच्या सल्ल्याने १९९७ च्या सुमारास सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनाँ ब्लाँ या जातींची लागवड झाली व २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. वायनरीचे नाव संस्थापकाच्या आईच्या, सुलभा यांच्या, नावावरून पडले. २००५ मध्ये तेथे टेस्टिंग रूम सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.

या कथेची मांडणी परिचयाची आहे. परदेशातील नोकरी सोडून मातीकडे परतलेला मुलगा, लालफितीशी झगडा, आईचे नाव आणि शेवटी यश. ती लोकप्रिय होण्याचे श्रेय काही अंशी टेस्टिंग रूमला द्यावे लागेल. नारायणगावच्या वाइनचा पहिला ग्राहक युरोपात होता आणि त्याला जुन्नर तालुका पाहण्याची गरज नव्हती. गंगापूरचा ग्राहक मुंबई-पुण्याहून मोटारीने येतो. आपण पितो ते कुठे तयार होते हे त्याला पाहायचे असते आणि परत जाताना त्याच्या हाती बाटली व तोंडी गोष्ट असते. महाराष्ट्रात वाइनची जाहिरात उघडपणे करण्यास कायद्याने अडसर असल्याने वायनरीची भेट हेच जाहिरातीचे मुख्य साधन झाले, आणि संस्थापकाची गोष्ट हा त्या भेटीचा गाभा.

नाशिकच्या द्राक्षाचा इतिहास मात्र या गोष्टीपेक्षा बराच जुना आहे, आणि तो शेतकऱ्यांच्या नावांनी भरलेला आहे. नान्नज (जि. सोलापूर) येथील नानासाहेब काळे यांनी निवडलेली 'सोनाका', किंवा तासगाव तालुक्यातील वसंतराव आर्वे यांची 'तास-ए-गणेश' या जाती कोणत्याही परदेशी तज्ज्ञाच्या देणग्या नव्हेत. थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळा दिसलेला वेल हेरून शेतकऱ्यांनी त्या सिद्ध केल्या. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाग्रेप्सने बागायतदारांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून युरोपची बाजारपेठ मिळवून दिली. खाण्याच्या द्राक्षाच्या इतिहासात शेतकरी कर्ता आहे; वाइनच्या इतिहासात तो पुरवठादार होतो. हा बदल कसा घडला, हा प्रस्तुत लेखातील मुख्य प्रश्न आहे.

धोरण आणि एकाच दाराचा माल

२००१ मध्ये, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वायनऱ्यांना उत्पादन शुल्कात सवलत देण्यात आली, परवान्याची पद्धत सुलभ करण्यात आली आणि विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथे औद्योगिक विकास महामंडळामार्फत वाइन पार्क उभारण्यात आले. द्राक्षाचे भाव पडले की शेतकरी अडचणीत येतो, म्हणून प्रक्रियेने त्याच्या मालाला मूल्य मिळवून द्यावे, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. या धोरणानंतर वायनऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. २००० च्या आसपास ती बोटांवर मोजण्याइतकी होती, दशकाच्या अखेरीस ती सत्तरच्या घरात गेली. यांपैकी कितीतरी वायनऱ्या निफाड, दिंडोरी भागातील बागायतदार कुटुंबांनी कर्ज काढून उभ्या केल्या होत्या.

परंतु या तर्कशास्त्रात एक कृषिवैज्ञानिक अडचण होती. भाव पडतो तो थॉमसनचा आणि सोनाकाचा. वाइनला लागतात शेनाँ, सोव्हिन्याँ, शिराझ, कॅबर्ने या जाती. या द्राक्षांचा मणी लहान, साल जाड आणि आत बी. म्हणजे पडलेल्या भावाचे द्राक्ष वायनरीकडे वळवता येत नव्हते. त्यासाठी नवी बाग लावावी लागत होती आणि ती बाग उत्पन्नावर येण्यास साधारण तीन वर्षे जात होती.

खाण्याची द्राक्षे पिकवणाऱ्या बागायतदारासमोर तीन दारे असतात. माल उत्तम उतरला तर निर्यात, मध्यम असेल तर देशातील बाजार, आणि दोन्ही फसले तर बेदाणा. तासगावच्या बेदाणा बाजाराने कितीतरी बागा वाचवल्या आहेत. वाइनच्या द्राक्षाला दार एकच, वायनरीचे. बाजारात टोपलीभर शिराझ घेऊन बसले तर ग्राहक मिळत नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. शिवाय दर साखरेच्या प्रमाणावर ठरतो, तोडणीचा दिवस वायनरी ठरवते आणि प्रत राखण्यासाठी एकरी उत्पादन कमी ठेवण्याचा आग्रहही तिचाच असतो. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. या बागेला घडांची विरळणी, जी.ए.ची डिपिंग असा खाण्याच्या द्राक्षाइतका खर्च नाही, आणि करार पाळला गेला तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या वेळीच शेतकऱ्याला भावाचा अंदाज असतो. अवकाळी पावसाने आणि व्यापाऱ्यांच्या पलायनाने पोळलेल्या नाशिकच्या बागायतदाराला ही शाश्वती मोहक वाटली, यात नवल नाही.

ही शाश्वती २००८ नंतर कोसळली. जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे हॉटेल व पर्यटन व्यवसाय मंदावला आणि वाइनची मागणी घटली. टाक्यांत मागील हंगामाची वाइन शिल्लक असताना नवी द्राक्षे घेण्यास वायनऱ्या तयार नव्हत्या. नारायणगावच्या कंपनीने तोपर्यंत ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील व्यवसाय विकत घेऊन मोठा विस्तार केला होता. ती कर्जाच्या ओझ्याखाली आली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्याच्या कारवाईपर्यंत गेले. नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षबागा उपटून टाकल्या. बाग उपटणे म्हणजे मांडव, ठिबक, खुंटरोपांवरील कलमे आणि तीन वर्षांची वाट यांवर पाणी सोडणे होय. विंचूर परिसरातील अनेक लहान वायनऱ्या बंद पडल्या, काही आपली वाइन मोठ्या कंपन्यांना घाऊक विकू लागल्या. त्यांना वाइन करता येत होती. बाटलीवर नाव छापून ते मुंबईच्या हॉटेलपर्यंत पोहोचवण्याची ऐपत नव्हती. ज्या मोजक्या वायनऱ्या तगल्या त्यांत, माझ्या मते, स्वतःच्या दारात ग्राहक आणू शकणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे आज पर्यटकाला ज्या कथा ऐकू येतात त्या तगलेल्यांच्या कथा आहेत. बंद वायनरीला फेरी नसते.

सहकार का नाही?

साखर आणि द्राक्ष निर्यात या दोन्ही क्षेत्रांत सहकाराचा मार्ग चोखाळणाऱ्या महाराष्ट्राने वाइनमध्ये खासगी भांडवलाचा मार्ग का स्वीकारला, हा प्रश्न स्वतंत्र संशोधनाचा आहे. फ्रान्स आणि इटलीत तर शेतकऱ्यांच्या सहकारी वायनऱ्यांची परंपरा मोठी आहे. या दृष्टीने अकलूजचे उदाहरण उद्बोधक ठरते. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांनी ज्या माळशिरस तालुक्यात सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच तालुक्यात त्यांच्या नातवंडांच्या पिढीतील रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील यांनी दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांच्यासह 'फ्रातेली' ही वायनरी स्थापन केली. या इटालियन शब्दाचा अर्थ 'भाऊ' असा आहे. तस्कनीतील पिएरो मासी हे तिचे वाइनतज्ज्ञ. आजोबांच्या पिढीत ऊस उत्पादक हा कारखान्याचा सभासद होता. नातवंडांच्या पिढीत वायनरी स्थापन झाली तेव्हा भागीदारी तीन कुटुंबांपुरती होती. यात कुणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. वाइन विकली जाईपर्यंत भांडवल दीर्घकाळ अडकून पडते, ब्रँड उभारण्यास वर्षे लागतात आणि हंगाम संपताच उचल मागणाऱ्या सभासदांची संस्था हा भार सहसा पेलू शकत नाही. तरीही 'भाऊ' या शब्दाची व्याप्ती दोन पिढ्यांत किती बदलली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा समर्थनार्थ शेतकऱ्याचेच हित पुढे करण्यात आले. विरोध तीव्र झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. त्या वादात वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर पुष्कळ बोलले गेले. करारातील दर, तोडणीचा विलंब किंवा २००८ नंतरचा अनुभव यांचा उल्लेख कुणी फारसा केल्याचे आढळत नाही.

साधनांचा प्रश्न

संस्थापक-कथेला पूरक साधने कोठे शोधावीत? उत्पादन शुल्क खात्याची परवाना-दप्तरे, बँकांची कर्जप्रकरणे, कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि न्यायालयीन निवाडे ही साधने उपलब्ध होऊ शकतात. बागायतदाराच्या घरी करारपत्र आणि वजनकाट्याच्या पावत्या असतात. घर बदलले वा वाटणी झाली की त्या रद्दीत जातात. नाशिक, निफाड, दिंडोरी आणि नारायणगाव येथील महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून त्यांच्या प्रती आणि संबंधितांच्या मुलाखती जमवणे कठीण नाही. बाग उपटणारी पिढी आज साठीच्या पुढे गेली आहे.

याहून कठीण आहे ते मजुरांचे. पेठ आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून छाटणीच्या हंगामात टोळ्या येतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी त्यांच्या हातून होते. टोळीत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. काम एकरी उक्ते ठरते. कोण किती दिवस आले, कोणाला किती उचल दिली याची नोंद मुकादमाच्या खिशातल्या वहीत असते, आणि हंगाम संपून हिशेब मिटला की ती वही टाकून दिली जाते.