विसावा, खेळ आणि वर्ध्याची शिकवण

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की चरखा, श्रम व साधेपणा यांचेच स्मरण होते. या भूमीने खेळास व विसाव्यास काय मोल दिले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आज ज्ञातीतील घरोघरी मुलांची सायंकाळ शिकवण्यांत जात असल्यामुळे या विषयाकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दि. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला. त्यातील वेळापत्रक साडेपाच तासांचे होते. मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेस ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानास ३०, शारीरिक शिक्षणास १० आणि मधल्या सुट्टीस अवघी १० मिनिटे!

यावरून ही योजना खेळास विन्मुख होती असे वाटेल. परंतु तो निष्कर्ष घाईचा ठरेल. निव्वळ पुस्तकी पाठांच्या जाचास बालकाची क्रियाशील प्रकृती सतत विरोध करीत असते, हाच त्या अहवालाचा आधार होता. काम आनंदाचे असेल तर काम आणि खेळ यांतील भिंत पातळ होते, ही त्यामागील श्रद्धा. पुढे सेवाग्रामात नयी तालीमचे काम पाहणारे आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आलेले होते. १९४४ मध्ये तेथूनच देवीप्रसाद हे कलाशिक्षक आले व मुलांच्या हाती रंग आले. स्वतः गांधीजी नेमाने फिरावयास जात, तेव्हा मुले बरोबर असत आणि थट्टाविनोदही चाले.

तथापि ही शिकवण आमच्या गावांस सर्वस्वी नवी नव्हती. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. वर्षभराच्या श्रमाचे ते ऋण होय. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन मुले दारोदारी जातात. आपल्या जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर विशेष प्रसिद्ध आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई बसते. गाणी होतात, झाकलेला खाऊ ओळखण्याची चढाओढ लागते. यातून कमाई काहीच होत नाही. तरीही पूर्वजांनी पंचांगात त्यास जागा राखून ठेवली.

येथे एक उणीव स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. पोळ्यास बैलाला विसावा मिळतो. परंतु पहाटेपासून पुरण शिजविणाऱ्या, वाटणाऱ्या गृहिणीस तो कोण देतो? आमच्या माताभगिनींचा फावला वेळ हा घरात कोणीही कामाला लावावा असा समजला गेला. ज्या विसाव्याची किंमत दुसऱ्याच्या कष्टाने चुकवावी लागते, तो विसावा अपुराच होय.

फावला वेळ म्हणजे आळस नव्हे. आळशी मनुष्य काम टाळतो. विसावा घेणारा काम संपवून स्वतःकडे परततो. परीक्षेतील गुण आवश्यक आहेतच, परंतु ज्या मुलास धुळीत खेळण्याची आठवणच उरली नाही, त्याचे बालपण आम्ही कोणत्या हिशेबात धरावयाचे?

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे. येत्या संमेलनात भाषणांचा एक तास कमी करावा आणि तो बक्षिसावाचून खेळास द्यावा. त्या दिवशीचा स्वयंपाक पुरुषांनी सांभाळावा, म्हणजे मैदानावर मुलींच्या बरोबरीने त्यांच्या आयाही दिसतील.