तर्काचा हिशेब आणि उरलेला भुंगा



केळीच्या बागांच्या या गावात आकाशयानांच्या गोष्टींवर बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच. तरीही तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या काहींना एक चेहरा आठवत असेल. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका दाखवीत असत. गच्चीवरची अँटेना फिरवून चित्र स्थिर करावयाचे, आणि मग टोकदार कानांचा, भुवया वर चढलेला एक गृहस्थ पडद्यावर अवतरावयाचा. संभाषण सारे इंग्रजीत. ते आपल्यापैकी कितीजणांना समजत होते हा प्रश्न सोडून देऊ. इतरांच्या चेहऱ्यांवरून कथा कळे. या गृहस्थाच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नसे, आणि तो कोण आहे हे नेमके त्यावरूनच कळे.

हा मिस्टर स्पॉक. ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. तो काळ अणुबाँबच्या धास्तीचा, तसाच गणकयंत्रांच्या नवलाईचाही. मनुष्याने रागालोभाने जग जाळावे, की सारा कारभार थंड बुद्धीच्या हाती सोपवावा, हा प्रश्न त्या पिढीपुढे खरोखरच उभा होता. स्पॉकचा बाप व्हल्कन ग्रहावरचा, आई पृथ्वीवरची. व्हल्कनचे लोक एके काळी इतके विकारवश होते की आपसांत लढून नष्ट व्हावयाचे. मग त्यांनी तर्काचे व्रत घेतले. तेव्हा स्पॉक भावनाशून्य नव्हे, निग्रही आहे. आपल्याला हा फरक कोणी समजावून सांगावयास नको.

या व्रताची खरी परीक्षा ५ जानेवारी १९६७ रोजी दाखविलेल्या एका भागात होते. सातजणांचे एक लहान यान परक्या ग्रहावर अडकते. नायकत्व स्पॉककडे. तेथील राक्षसी देहाचे रहिवासी हल्ला करतात, तेव्हा स्पॉक हिशेब मांडतो: शस्त्राचा धाक दाखवावा, पण जीव घेऊ नये, धाक बसला की शहाणा प्राणी दूर राहील. प्रत्यक्षात ते अधिकच संतापतात आणि चालून येतात. स्पॉक चकित होतो. त्याची एकही पायरी चुकलेली नव्हती. समोरच्याला राग येतो, एवढी एक बाब मांडणीत धरलेली नव्हती. शेवटी सुटकेची आशा संपत आल्यावर तो उरलेले इंधन बाहेर सोडून पेटवून देतो. तो जाळ मुख्य यानाला दिसतो, आणि उरलेले लोक वाचतात.

हे केवळ पडद्यावर घडते असे नाही. वादळात बाग आडवी झाली की पंचनाम्यात खोडांची संख्या येते. तो माणूस पुन्हा लागवड करण्याची उमेद धरील की नाही, हे कोणत्याही रकान्यात येत नाही. आणि पुढच्या वर्षीचे पीक तर त्या उमेदीवरच अवलंबून असते.

म्हणून भावनेचेच ऐकावे, असेही नव्हे. त्याच मालिकेच्या आणखी एका भागात एका सज्जन स्त्रीला वाचविले तर पुढचा सारा इतिहास बिघडणार असतो. तिच्यावर प्रेम करणारा कप्तानच तिला वाचवू पाहणाऱ्याचा हात धरतो. तर्क तेथे बरोबर ठरतो. दुःखही खरे असते, आणि लेखकाने दोहोंपैकी एकालाही पुसून टाकलेले नाही.

आता आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसगावजवळच्या पाटणला चला. भास्कराचार्यांचे विज्जडविड ते नेमके कोणते, यावर पंडितांत वाद आहे. त्यांच्या घराण्याचा शिलालेख मात्र पाटणलाच सापडला. त्यांच्या ‘लीलावती’बद्दलची मुहूर्ताची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. घटिकापात्रात मोती पडला, घटका चुकली, मुलीचा संसार हुकला आणि बापाने सांत्वनासाठी ग्रंथ लिहिला. ही गोष्ट येते फैजीच्या १५८७ च्या फार्सी भाषांतरात, मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मूळ ‘लीलावती’त तिचा मागमूस नाही. गणित्याला नियतीने धडा शिकविलेला पाहणे लोकांना फार आवडते, अमेरिकेत काय किंवा येथे काय!

ग्रंथात आहे ते याहून गोड आहे. कवी आपल्या प्रियेला विचारतो: भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा शिलींध्राच्या फुलांवर, आणि या दोन हिश्शांतील अंतराच्या तिप्पट कुटजावर. एक भुंगा तेवढा उरला. केतकी आणि मालती, दोघींचा सुगंध एकाच वेळी आल्याने तो हवेतच घिरट्या घालीत राहिला. तर भुंगे किती? तीन, पाच आणि सहा मिळून चौदा. तो एक धरून पंधरा. या चौदांचे वर्तन अपूर्णांकांत चोख बसते, पण त्यांच्यावरून थव्याची संख्या कधीच निघाली नसती. ज्याचे मन द्विधा झाले, त्या एकाच्या आधाराने गणित सुटते. स्पॉकने जे हिशेबाबाहेर ठेवले, त्यावाचून भास्कराचार्यांचा हिशेब पुराच होत नाही.

आणि असा ग्रंथ शिकविण्याची व्यवस्थाही झाली. आचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला देणगी दिली. भाऊ दाजींनी हा लेख १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी बाजारातल्या देण्यांचा तपशील आला की भाषा मराठी होते. गावात चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल त्या मठाला द्यावयाचे, असे त्यात कोरलेले आहे.