प्लेगचे दिवस आणि वाघाची मावशी

१८९६ साली मुंबईत प्रगट झालेला प्लेग पुढील वर्षी सातारा जिल्ह्यात शिरला. सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते; परंतु असल्या हद्दी साथीने कधी जुमानल्या नाहीत. घरात उंदीर पडू लागले की लोक दारांना कुलुपे लावून माळावरील झोपड्यांत राहावयास जात. १८९७ च्या कायद्याने रोग्यास आप्तांपासून वेगळे काढण्याचा अधिकार सरकारास मिळाला होता. सोयरेधायरे दुरावले, शेजार तुटला.

अशा एकांतवासात पायाशी येऊन घुरघुरणाऱ्या मांजराचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको. त्यास ना कायद्याची आडकाठी, ना साथीचे भय! परंतु मांजर माणसापेक्षा घराचे अधिक. बिऱ्हाड हलले तरी त्याची ओढ जुन्या चुलीकडेच.

ह्या मुक्या सोबत्याची दखल वैद्यकानेही घेतली. वऱ्हाडात अमरावतीस असलेले डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ साली लिहिले की, ज्या गावी मांजरे पुष्कळ, तेथे प्लेग थोडा. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग माणसास जडतो, हे तोवर ध्यानी आले होते; तेव्हा त्यांच्या म्हणण्यास आधार होता. मात्र मांजरासही प्लेग होतो, व त्याच्यापासून माणसासही होऊ शकतो, हे आज आपण जाणतो. म्हणजे राखणदाराचाही जीव धोक्यातच होता.

आडवे गेले म्हणून ज्यास आपण अपशकुनी ठरविले, त्याच्याकडे ह्या इतिहासानंतर जरा निराळ्या दृष्टीने पाहावे, हे बरे.