एका जनुकाचा उदय आणि अस्त

ऐकलेला दूरध्वनी क्रमांक लिहून घेईपर्यंत मनात धरून ठेवणारी शक्ती म्हणजे कार्यस्मृती. स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात दीर्घकाळ भ्रम आणि भास यांचाच बोलबाला होता. परंतु भास ओसरल्यावरही रुग्णाला नोकरी टिकवणे कठीण का जाते, याच्या उत्तराचा बराच भाग या शक्तीच्या उणिवेत आहे.

१९३० च्या दशकात येल विद्यापीठात कार्लाइल जेकबसन माकडांना खाऊ दाखवून तो दोन वाट्यांपैकी एकीखाली लपवीत, मध्ये पडदा टाकीत आणि काही क्षणांनी तो उचलीत. मेंदूचा अग्रभाग काढलेल्या माकडांना नेमकी वाटी निवडता येईना. १९७९ मध्ये पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की तो भाग शाबूत ठेवून तेथील डोपामाइन तेवढे घटवले, तरी हानी जवळजवळ तितकीच होते. १९९०च्या दशकात सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांना याच धर्तीच्या चाचणीत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण अडखळताना आढळले. पुढे त्यांचे निरोगी नातेवाईकही. आजार नाही, तरी उणीव आहे! साहजिकच दृष्टी वळली ती आनुवंशिकतेकडे.

२००१ मध्ये मायकेल ईगन, डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी 'कॉम्ट' या जनुकावर बोट ठेवले. डोपामाइन मोडणारे एक विकर या जनुकापासून बनते. त्याच्या १५८व्या स्थानी व्हॅलिन असेल तर मोडतोड वेगाने होते, मेथिऑनिन असेल तर सावकाश. १७५ रुग्ण, २१९ भावंडे आणि ५५ निरोगी व्यक्ती पत्ते जुळवण्याच्या चाचणीला बसल्या. व्हॅलिनवाले मागे पडले.

किती मागे? चुकांमधील तफावतीपैकी अवघी ४ टक्के या जनुकाच्या वाट्याला आली. हा आकडा मूळ निबंधातच छापलेला होता; लोकांनी मात्र गोष्ट तेवढी उचलली. 'योद्ध्याचे जनुक' आणि 'चिंतातुराचे जनुक' अशी नावे रूढ झाली. पानिपतच्या पराभवाचे एकच कारण मागणाऱ्यांना ही ओढ नवी वाटू नये.

२००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा कॉम्टचा आकलनशक्तीवरील परिणाम जवळपास नाहीसाच ठरला. २०१४ मध्ये सुमारे ३७,००० रुग्ण आणि १,१३,००० इतर व्यक्तींच्या जनुकसंचाची तुलना झाली. स्किझोफ्रेनियाशी निगडित १०८ स्थाने सापडली, प्रत्येकीचा वाटा अत्यल्प. त्या यादीत डोपामाइनच्या एका ग्राहीचे जनुक होते. कॉम्ट नव्हते.