हादऱ्याचा हिशेब : सातारा रोड ते सांगली

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराने इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर बोलावं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण 'समतोल' या शब्दावर आम्ही वर्गात अनेक वर्षं बोललो, आणि त्याचा अर्थ जरा नीट कळला तो सांगलीतल्या एका लहानशा मशीन शॉपमध्ये. तिथे जाऊच. आधी थोडा इतिहास.

पुणे-कोल्हापूर रेल्वेमार्ग डोळ्यांसमोर आणा. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर बस्तान हलवलं. तीच सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. साताऱ्याच्या धनजीशा कूपरांनी 1922 मध्ये उद्योग सुरू केला आणि त्यांचा कारखाना याच मार्गावर, सातारा रोडला वाढला. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. दोघांचीही ओळख आधी लोखंडी नांगराची. मग विहिरीवर पंप आला, आणि वीज नसलेल्या गावात पंप फिरवायला इंजिन हवं झालं. 1930 च्या दशकात कूपर कारखान्यातून डिझेल इंजिन बाहेर पडू लागलं. पुढे तो कारखाना वालचंद समूहाकडे गेला.

ही गोष्ट आपण नेहमी मालकांच्या जिद्दीची म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण नुसत्या जिद्दीने क्रँकशाफ्ट फिरत नाही. कालपर्यंत नांगराचे फाळ ओतणाऱ्या हातांना इंजिन जमलं कसं, हा आमचा प्रश्न आहे. आमच्या मते त्याचं निम्मं उत्तर इंजिनाच्या संथपणात आहे.

हिशेब साधा आहे. शाफ्टच्या मध्यापासून 10 सेंटिमीटरवर 10 ग्रॅम लोखंड जास्त राहिलं असं समजा. मिनिटाला 600 फेरे असतील, तर ते शाफ्टला साधारण 400 ग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतं. फेरे 3000 केले, तर तोच जोर दहा किलोवर जातो. वेग पाचपट, ओढ पंचवीसपट! विहिरीवरची जुनी इंजिनं मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांची, जड फ्लायव्हीलची, काँक्रीटच्या पायावर बोल्टने आवळलेली. कारागिराची थोडी चूक फ्लायव्हील आणि पाया मिळून पोटात घालत. कारखान्याला शिकायला जी सवड मिळाली, ती या संथपणाने दिली.

आता खरी गंमत. एका सिलिंडरचं इंजिन, फक्त क्रँकवर वजन लावून, पूर्ण समतोल होतच नाही. क्रँकपिन गोल फिरते. तिचं वजन समोरच्या प्रतिभाराने, म्हणजे काउंटरवेटने, फेडता येतं. पण पिस्टन फिरत नाही, वर-खाली जातो. त्याचंही सगळं वजन प्रतिभारात घातलं, तर उभा हादरा बराच जातो आणि तेवढाच आडवा हादरा उभा राहतो. म्हणून सर्वसाधारणपणे पिस्टनकडच्या वजनाचा निम्मा भाग फेडतात, निम्मा सोडून देतात. हादरा संपवायचा नसतो, त्याची वाटणी करायची असते. हे ऐकलं तेव्हा आम्ही आमची जुनी टिपणं आठवून थोडे ओशाळलो.

सांगलीच्या त्या शॉपमध्ये एक मिस्त्री आहेत, आमच्याच वयाचे. आम्ही गेलो तेव्हा एका शेतकऱ्याच्या इंजिनाचा क्रँक ग्राइंड होऊन आला होता. धारेच्या दोन समपातळी पट्ट्यांवर त्यांनी तो आडवा ठेवला. क्रँकपिनला मोजून वजन बांधलं : कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं पूर्ण, पिस्टनकडचं निम्मं. आम्हाला तो छान स्थिर वाटला. त्यांनी बोटाने हलकेच ढकलला, तर तो हळूहळू गडगडत जाऊन एकाच बाजूवर थांबू लागला.

"सर, जड बाजू आपोआप खाली येते," ते म्हणाले. "तिला विचारावं लागत नाही."

आम्ही विचारलं, कुठेही ठेवला तरी स्थिर राहिला, म्हणजे काम झालं का? त्यांनी मान हलवली. शाफ्टच्या एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली सारखंच जास्तीचं वजन असेल, तर पट्ट्यांवर तो जागचा हलणार नाही. फिरवला की मात्र दोन्ही टोकं उलटसुलट ओढणार. हा दोष उभ्या शाफ्टमध्ये नसल्यासारखाच असतो. तो पकडायला शाफ्ट फिरवून दोन्ही टोकांचे हादरे मोजणारं मशीन लागतं. इंजिनं वेगवान झाली, सिलिंडर वाढले, तसं हे काम डोळ्यांकडून मशीनकडे गेलं. मिस्त्रींची त्याबद्दल तक्रार नाही. अनेक सिलिंडरचा क्रँक आला, की ते स्वतःच तो मशीनवाल्याकडे पाठवतात.

आमची मात्र एक तक्रार आहे. नांगराचे, पंपाचे, संस्थापकांचे फोटो आपण जपले. कुठल्या कामगाराने कुठला शाफ्ट कसा तोलला, किती ठिकाणी भोक पाडलं, हे कुणी लिहून ठेवावं असं आपल्याला वाटलंच नाही. आज ते सांगू शकणारी माणसं सत्तरीपुढची आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं कुणी असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.

त्या दिवशी मिस्त्रींनी खाली आलेल्या प्रतिभारावर खडूची खूण केली, छोटं भोक पाडलं, चुरा झटकला आणि शाफ्ट परत पट्ट्यांवर ठेवला. अजून किंचित गडगडत होता. त्यांनी पुन्हा खडू उचलला.