पाण्याचे दफ्तर

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनी सरकारकडे आला, अंमल बदलला, तरी पांढरकवड्याच्या आसमंतातील शेतांच्या सरहद्दी, कुळे व सारा यांची नोंद पाटील-पांड्यांच्या दफ्तरात चालतच राहिली. त्याच गावाजवळून वाहत पैनगंगेस मिळणाऱ्या खुनी नदीत कोणता जीव केव्हा आला, कोणता नाहीसा झाला, हे मात्र भोई-ढिवरांच्या स्मरणावर सोडले गेले.

आणि आवक तर थोडी नव्हती. हिवतापाच्या डासांवर उपाय म्हणून १९२८ साली गॅम्बुसिया, अन्नवृद्धीच्या सद्हेतूने १९३९ साली सिप्रिनस व १९५२ साली चिलापी या देशात आणली गेली. विदेशी मांगूर चोरवाटेने शिरला, त्याच्या पालनावर सन २००० मध्ये सरकारला बंदी घालावी लागली. आणि काचेच्या हौदातील शोभेसाठी आणलेला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, चिलखती अंगाचा सकर मासा नदी-तलावांत सुटून जाळी फाडू लागला.

जाळ्यात मासा सापडतो तेव्हा त्याचे ठाणे बहुधा पक्के झालेले असते. परंतु पाण्यात वावरणारा प्रत्येक जीव त्वचेचे कण, बुळबुळीत स्राव व विष्ठा मागे टाकतो आणि त्यांत त्याच्या डीएनएचे धागे राहतात. पाणी सूक्ष्म गाळणीतून गाळून, त्या जातीच्या खुणेचा तुकडा प्रयोगशाळेत कोट्यवधी पटींनी वाढवून तो ओळखता येतो. २००८ साली फ्रान्समधील तळ्यांत घुसलेला अमेरिकी बैल-बेडूक संशोधकांनी अवघ्या १५ मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यांवरून हुडकला. ज्या हैदराबादेच्या अमलाखाली हा मुलूख एके काळी होता, आणि जिच्याकडे नागपूरहून जाणारा हमरस्ता आजही पांढरकवड्यावरून जातो, तेथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने, म्हणजे सीसीएमबीने, याच रीतीने पूर्व घाटातील जलाशय तपासले, तेव्हा सुमारे ६० टक्के ठिकाणी सकर मासा पोहोचल्याचे दिसून आले.

हे धागे पाण्यात काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर वाहतात; म्हणून ही जमाबंदीची कायम वही नव्हे, दर हंगामी नव्याने लिहावयाची रोजकीर्द आहे, आणि तीत हजेरी कळते, शिरगणती नेमकी कळत नाही. तरीही ज्या नदीवर माणसे व गुरे जगतात, तिचे दफ्तर शेताच्या दफ्तराइतक्याच निष्ठेने राखणे हे आपले कर्तव्य होय. आणि ते ज्या दिवशी खुनीच्या काठी उघडले जाईल, त्या दिवशी पहिली बाटली कोणत्या डोहात बुडवावी, हे पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या भोयालाच विचारावे लागेल.