उणे होत जाताना

भाची इंग्रजीची वही घेऊन आली. "मामू, 'वेन'ला मराठीत काय लिहू?" घरात कवी असला की त्याच्याकडे शब्दांचं दुकान आहे असं सगळ्यांना वाटतं. मी म्हटलं, "कमी होणे." ती म्हणाली, "ते तर 'डिक्रीज'चं झालं."

पोरीचं बरोबर होतं. 'वेन' हे चंद्राला शोभणारं क्रियापद. पौर्णिमेनंतर चंद्र जसा रोज थोडाथोडा जातो, तसं जाणं. इंग्रज ते उत्साहाला, लोकप्रियतेला, साम्राज्यालाही लावतात. पण त्याची एक खोड आहे. आजारानं माणसाला 'वीकन' केलं असं म्हणता येतं, कुणी कुणाला 'वेन' केलं असं म्हणता येत नाही. ते आपोआप होतं. तिथं करणारा कुणी नसतो.

आपल्याकडे मात्र प्रत्येक गोष्टीची उतरण निराळी. ताप उतरतो, माणूस खंगतो, लुगडं विरतं, विहीर आटते, पायरी झिजते. इंदापूर तालुक्यात उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. वहीतल्या एका ओळीत यातलं कुठलं लिहायचं?

शोधता शोधता गंमत सापडली. भाषांचे अभ्यासक 'वेन'चं नातं संस्कृतातल्या 'ऊन' या शब्दाशी लावतात. ऊन म्हणजे कमी, अपुरा. (डोक्यावर तापतं ते ऊन वेगळं, ते 'उष्ण'पासून आलेलं.) आपलं उणे, उणीव, उणंदुणं त्यातलंच. एकोणीस म्हणजे एक-ऊन-वीस, विसाला एक उणा. एकोणतीसही तसाच. आमच्या घरी रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळे गच्चीवर चंद्र शोधतात. दिसला तर महिना एकोणतिसाचा, नाही तर तिसाचा. म्हणजे हा चंद्राचा शब्द आम्ही वर्षानुवर्षं तोंडात घोळवत होतो आणि इंग्रजी वहीत त्याला ओळखलं नाही.

मग दादा आठवले. दादा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. बारामतीच्या खालच्या अंगाला, नीरेच्या डाव्या कालव्यालगत त्यांचं रान होतं. सुगी झाली की ते पोती मोजत आणि म्हणत, "औंदा दोन पोती उणी." पुढच्या साली पुन्हा, "आणखी दोन उणी." जमीन वाईट झाली असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. ते फक्त उणे सांगत राहिले. एका वर्षी पेरलंच नाही.

कालवा आला तो १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८८०च्या दशकात. भाटघरच्या धरणाचं पाणी त्यातून बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात गेलं. ऊस उभा राहिला, गावं जगली, हे खरंच. पण काळ्या, खोल जमिनीत पाणी मुरत राहिलं, निचऱ्याला वाट नव्हती. खालची पाणीपातळी वर आली. उन्हानं पाणी उडून जाई, क्षार मागे राही आणि वर पांढरा थर दिसे. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासोबत नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास केला. तो १९१०मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पाणी येऊन पंचवीस-तीस वर्षं होताहेत तोच दुखणं कागदावर आलं होतं. आमचे दादा तेव्हा जन्मायचे किंवा रांगत असायचे.

म्हणून 'वेन' हे क्रियापद या जमिनीला लावायला माझं मन होत नाही. चंद्र आपोआप जातो, आणि आपोआप परतही येतो. रान आपोआप गेलं नाही. जास्तीचं पाणी दिलं गेलं, चर खणले गेले नाहीत. मराठीत झिजणे आहे तसं झिजवणेही आहे, आणि दादांच्या रानाला दुसरं लागू पडतं. पण पाणी देणाऱ्यांत दादाही होते, बारीला रात्रभर जागून दारं धरणारे. त्यांनी 'उणे' हाच शब्द का धरला असेल, ते मला आता थोडं कळतं. त्यात कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही.

भाचीला मी 'उणे होत जाणे' लिहायला सांगितलं. आठवड्यानं वही तपासून आली. सरांनी तांबड्या शाईनं ते खोडून शेजारी 'क्षीण होणे' लिहिलं होतं. अर्धा गुण मात्र दिला होता.